साहेब आले की गॅस का पळतो?

करिश्मानं पाईपच्या सांध्यावर साबणाचा फेस फासला आणि ती, शौनक, जाई अशी तिघंही डोळे फाडून बघत राहिली. एकही बुडबुडा आला नाही.

"गळती न्हाय," ती म्हणाली. "गॅस तयारच कमी होतोय."

मुरुम शहराजवळच्या त्या गावात दूध संघाचं छोटंसं वीजघर होतं. गोठ्यातलं शेण नालीतून टाकीत जायचं, तिथं कुजून त्याचा गॅस व्हायचा, आणि त्या गॅसवरचं इंजिन करिश्माचे वडील धुळाप्पा, म्हणजे तिचे आण्णा, सांभाळायचे. गावाचं दूध थंड ठेवणारं यंत्र त्याच विजेवर चालायचं. पण तपासणीला साहेब आले की इंजिन नेमकी मान टाकायचं. दोनदा असं झालं, तेव्हा संघाचे अध्यक्ष अमरनाथकाका चारचौघांत म्हणाले, "धुळाप्पाला इंजिन कळत न्हाय. आता बंद पडलं तर दुसरा माणूस बघतो." त्या दिवसापासून करिश्माला घास गोड लागत नव्हता. आता साहेब पुन्हा यायचे होते, आणि गॅस परवापासून उतरायला लागला होता.

"पण गॅसमध्ये वीज असते तरी कुठं?" शौनकनं विचारलं. तो आणि त्याची बहीण जाई तुळजापूरहून सुट्टीला मास्तरमामांकडं आले होते.

"नसतीच मुळी," करिश्मा ऐटीत म्हणाली. "गॅस हवेबरोबर इंजिनात जळतो. त्या जोरानं दट्ट्या ढकलला जातो आन् दांडा गरगर फिरतो. दांड्याला जनरेटर जोडलाय. त्यात तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरलं की तारेत वीज! मोठ्या वीजघरात गॅसच्या झोतावर टर्बाइनची पाती फिरत्यात. बाकी खेळ तोच."

"आणि शेणाचा गॅस कोण करतं?" जाईनं विचारलं.

"शेणातले जंतू."

"मग त्यांनाच काहीतरी झालं असेल."

तेवढ्यात गोठा धुवायला निघालेल्या लक्ष्मम्मामावशी दिसल्या. हातात फिनेलचा मोठा डबा होता.

"मावशी, हे रोज टाकता?" करिश्मानं विचारलं.

"छे! साहेब यायचे असले की टाकायचं. गोठ्याला वास नको, असा अध्यक्षांचा हुकूम हाय. परवापासून धुतेय बघ."

शौनकनं डब्यावरचं मोठ्यानं वाचलं, "जंतूंचा समूळ नाश." तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

पण नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी दोन बाटल्यांत टाकीतला शेणपाण्याचा काला भरला, एकीत फिनेल ओतलं आणि दोन्हींच्या तोंडाला फुगे बांधून त्या उन्हात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एक फुगा गुबगुबीत झाला होता. फिनेलवाला लोंबतच राहिला.

ते बघून अमरनाथकाका हसले. "खेळा फुग्यांशी. साहेबांना वास आला तर मी काय हे फुगे दाखवू? गोठा फिनेलनंच धुवायचा!"

करिश्मा संतापली, पण लक्ष्मम्मामावशींनी तिला बाजूला घेतलं. "त्यांनी गोठा धुवायला सांगितलाय. पाणी कुठं जावं ते कुठं सांगितलंय?"

मग काय, दुपारी गाव डुलक्या घेत असताना तिघांनी मातीची पोती टाकून नाली अडवली आणि चर खणून पाणी पडीक रानातल्या खड्ड्याकडं वळवलं. तेव्हापासून रोज धुण्याआधी शेण घमेल्यानं उचलून टाकीत टाकायचं काम त्यांच्याकडं आलं. जाईचे हात दुखून आले, पण गॅस हळूहळू चढायला लागला.

साहेब आले त्या दिवशी धुळाप्पांनी इंजिन सुरू केलं. ते संध्याकाळपर्यंत एका लयीत चाललं.

"या खेपेला मी जातीनं लक्ष घातलं," अमरनाथकाका म्हणाले.

साहेबांची नजर पोत्यांवर गेली. "ही नाली कुणी अडवली?"

काकांचा चेहरा उतरला. करिश्मा पुढं झाली. "मी. फिनेलचं पाणी टाकीत गेलं की जंतू मरत्यात, मग गॅस होत न्हाय. यात आण्णांची चूक न्हाय." तिनं बाटल्याही आणून दाखवल्या.

साहेबांनी दोन्ही फुगे बोटानं दाबून बघितले. "म्हणजे माझ्या स्वागतापायी गॅस जात होता तर! यापुढं मी न कळवता येईन. वास आला तर येऊ दे." मग त्यांनी तिघांची पाठ थोपटली. "शाबास. आम्हा मोठ्यांना हे सुचलं नाही."

अमरनाथकाका खाली मान घालून धुळाप्पांपाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "धुळाप्पा, चूक माझी. मी उगीच तुझ्या नावानं बोंब मारली. इंजिन तुलाच कळतं, आन् तुझ्या पोरीला त्याच्या आधीचं, टाकीतलंबी कळतं."

आण्णांनी तेलकट हात टॉवेलला पुसले आणि लेकीला जवळ घेतलं. करिश्माला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलंही नाही.