ग्विलिमचं उरलेलं काम

चॅपलच्या बाकावर बसून मी कधी खोटं बोलले नाही. इथंही बोलत नाही. हे माझ्यासमोर घडलंय.

उत्तर वेल्समधलं आमचं गाव. मागच्या वर्षी, फुलांच्या रविवारचा आदला दिवस, दुपारचे तीन. या रविवारी आमच्याकडे घरच्यांची थडगी धुऊन त्यांवर फुलं ठेवतात.

माझा भाऊ ग्विलिम त्याआधीच्या नोव्हेंबरात गेला. प्लास ग्लान्वेर्नच्या जुन्या हवेलीत तो माळी होता. त्याला निरोप देताना पाद्रीबाबांचं प्रवचन बोलता बोलता सुरांत चढलं आणि सगळं चॅपल रडलं.

लाउरीवहिनी कोरडीच राहिली.

थडग्याकडे ती एकदाही फिरकली नव्हती. उद्या तरी तिनं यावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून विषय काढायला तिच्यासोबत हवेलीची बाग बघायला गेले.

"नणंदबाई, चॅपलचे बूट घालून चिखलात? उद्या देव दारातूनच परत पाठवेल."

किती महिन्यांनी थट्टा केली तिनं. पण आवाजात काहीच नव्हतं.

तळ्याकाठी डॅफोडिल फुलले होते. निम्मे सुकलेले. सुकलेली फुलं खुडायचं काम ग्विलिमचं; त्याच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. वाटेवर आम्ही दोघीच.

मागून आवाज आला...

टक्.

देठ मोडल्यासारखा.

टक्... टक्...

मी वळले. कुणी नव्हतं.

पण आम्ही ओलांडून आलो होतो त्या वाफ्यांत एकही सुकलेलं फूल उरलं नव्हतं. खुडलेली फुलं वाटेच्या कडेला... छोटे छोटे ढीग करून ठेवलेली.

"मागं बघू नकोस," वहिनी म्हणाली. चहा निवला असं सांगावं, तसं. "बघितलं की थांबतो."

"कोण?"

"हळू चाल गं. उरकू दे त्याला."

मी मान सरळ ठेवली. भीतीही वाटेना. मी हळू चालले.

फाटकाशी आल्यावर विचारलं, "उद्या थडग्यावर येशील ना?"

"तू जा. मी इकडे येईन." ती शालीची गाठ बांधत होती. "तिथं काय आहे?"

रविवारी मी एकटीच गेले. दगड धुतला, फुलं ठेवली. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांशी बोलत होते. मी स्तोत्र म्हणायला तोंड उघडलं...

म्हणवेना.

यंदाही दगड धुवायला मीच जाणार. पण भावासाठी प्रार्थना कुठं उभं राहून करायची, ते अजून ठरत नाही.