विसरण्याची ऊब

संक्रांतीच्या सकाळी चिखलदऱ्यात लोक आधी तिळगूळ वाटत आणि मग विसरण्यासाठी रांग लावत. वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी विसरायला परवानगी होती.

रांगेत अंबादास किन्हेकरही होता. गावाचा सगळा कारभार पाहणारं यंत्र, उलटगणक, त्याच्याच थोरल्या बहिणीने, डॉ. इंदुमतीने, शोधलेलं. जुने संगणक नद्या पीत आणि कोळसा खात. हे यंत्र टॉर्चच्या सेलवर भागवून घेई. धुराडी थंडावली, राखेने पांढरी पडलेली शिवारं हिरवी झाली आणि इंदुमतीचे इतके सत्कार झाले की शाली-नारळांसाठी तिला वेगळी खोली बांधावी लागली. तिने ती कुरकुर न करता बांधली. बाई खरोखरच मोठी होती.

यातली खुबी तिने अंबादासला एकदा समजावली होती. गणित करायला म्हणण्यासारखी ऊर्जा लागत नाही, पुसायला लागते. जुना संगणक नवे आकडे मांडताना आधीचे पुसून टाकी, आणि पुसलेलं सगळं उष्णता होऊन बाहेर पडे. उलटगणक काहीच पुसत नाही, म्हणून तापत नाही.

"म्हणजे तुझं यंत्र काटकसरी नाही, डूख धरणारं आहे," अंबादास म्हणाला होता.

ती खूप हसली होती. तेव्हा दोघं बोलत होती.

मग आई गेली. तेराव्याच्या गोडाच्या जेवणात, भरल्या पंगतीत, अंबादास बोलून गेला, "आई शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती, आणि तू तिकडे लॅबमध्ये यंत्राला जपत बसली होतीस." त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते लागलं.

नुसती माणसं असती तर वर्षा-दोन वर्षांत विषय बोथट झाला असता. पण अंबादासने फोन केला की इंदुमतीच्या घरचं यंत्र अदबीने सांगे, धाकट्या भावाचा फोन आहे, तेराव्याला ते काय म्हणाले होते ते ऐकवू का? आणि ऐकवी, त्याच आवाजात, मागे वाढप्याच्या "मठ्ठा, मठ्ठा"सकट. जुनं भांडण दर वेळी ताज्या दुधासारखं दारात येई.

पुसण्याची उष्णता ऐन थंडीत डोंगराला सोसते, म्हणून दिवस संक्रांतीचा. ही युक्तीसुद्धा इंदुमतीचीच. गावाच्या वाट्याला येणारं विसरणं मोजकंच असे आणि दोन्ही पक्षांची संमती लागे. यंदा तेराव्याचं ते वाक्य पुसायला तिने ती दिली होती.

रांगेच्या टोकाला, पुसण्याच्या इमारतीच्या खिडकीतल्या मुलीने अंबादासला बजावलं, की वाक्य एकटं जात नाही, त्याला चिकटलेलं सगळं सोबत जातं. जाऊ द्या, तो म्हणाला. इमारतीबाहेर गरम हवेच्या नळकांड्यापाशी म्हातारी मंडळी हात शेकत उभी होती. कोणाचं काय गेलं ठाऊक नाही, पण बरं वाटतंय, असा एकूण अभिप्राय होता.

तिथून तो थेट इंदुमतीच्या घरी गेला. तिने स्वतः दार उघडलं, त्याला पोटाशी धरलं. माफीचं वाक्य त्याने रस्ताभर घोकलं होतं.

"ताई, माझं चुकलं."

"काय रे चुकलं?"

ती खरंच विचारत होती. स्वतःहून आठवायची सवय लोकांची केव्हाच मोडली होती. चहात साखर किती घेतो तेही इंदुमती यंत्राला विचारी. काय चुकलं, तेही तिने आता यंत्रालाच विचारलं. यंत्र म्हणालं, अशी काही नोंद नाही.

अंबादासच्या लक्षात आलं, की माफी मागायची तर ते वाक्य पुन्हा एकदा, अगदी नव्याने, तिला ऐकवावं लागेल. त्याने समोरचा चहाचा कप उचलला.

"अंबू," ती सहज म्हणाली, "आई गेली तेव्हा मी कुठे होते रे? मघाशी यंत्राला विचारलं, तर ते गप्पच."

कोपऱ्यात यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता.

"होतीस की," अंबादास म्हणाला. "तिचा हात तुझ्या हातात होता."

"वाटलंच मला." इंदुमतीचे डोळे भरून आले. "काही बोलली का रे ती?"

यंत्र टिपून घेत होतं. अंबादासने चहाचा एक घोट घेतला आणि आईचे शेवटचे शब्द सांगायला सुरुवात केली.