नंबर जुळवताना

गोंदियाहून अर्जुनी मोरगावला जाणाऱ्या एसटीत रश्मीच्या शेजारची जागा रिकामी होती. वाटेतल्या गोरेगावला एक तरुण चढला. हातातला चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर त्याने अलगद त्या जागेवर ठेवला आणि स्वतः दांडा धरून उभा राहिला.

"तुम्ही बसा नं," रश्मी म्हणाली.

"मी पडलो तं उठीन. हा पडला तं उठत नाही."

"मंग त्याचं तिकीट काढलं का?"

"लगेजचं काढलं. तुम्ही म्हणत असान तं फुल काढतो."

रश्मीला हसू आले... आणि हसू आल्याचे तिला स्वतःलाच नवल वाटले. तिने खिडकीकडे सरकून कॉम्प्युटरची एक कड मांडीवर घेतली. उरलेल्या जागेत तो अवघडून टेकला. बाहेर कापलेल्या धानाचा ओलसर वास होता. त्याचे नाव राजदीप. अर्जुनीला दोघे उतरले आणि एकाच रस्त्याला लागले, कारण त्याने दुरुस्त करून आणलेला तो कॉम्प्युटर रश्मीच्याच ऑफिसाचा होता.

ऑफिस म्हणजे सिकलसेलच्या रुग्णांना मदत करणाऱ्या एका लहान संस्थेची एक खोली. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकते, रक्त कमी पडते. आजार आईबापाकडूनच येतो. रश्मीचा थोरला भाऊ गुलाब जन्मापासून तो सोसत होता. रश्मीला आजार नव्हता, पण ती त्याची वाहक होती.

रक्त देणाऱ्यांचे नंबर काही तिच्या फोनात, काही कॉम्प्युटरवर, तर काही संस्थेचे गोंदियातले काम पाहणाऱ्या शकुंतलाबाईंच्या फोनात होते. पावसाळ्यात गुलाबला रक्त लागले तेव्हा रश्मी दुपारभर एकाच माणसाचा बंद नंबर लावत बसली. त्याचा नवा नंबर शकुंतलाबाईंकडे होता; तो रश्मीपर्यंत पोचलाच नव्हता. गुलाब वाचला. पण त्या दुपारपासून फोन हातात घेतला की तिला तो बंद नंबर आठवे.

रश्मी हे सांगत होती तेव्हा राजदीपने एकदाही मस्करी केली नाही.

"मेल कुठं पाहता तुम्ही?"

"वेबसाइटवर. पण नेट गेलं का सारंच गेलं."

"मंग थंडरबर्ड टाकतो, मेलचा प्रोग्राम आहे. मेल अन् नंबर कॉम्प्युटरातच राहतीन, नेट नसलं तरी दिसतीन. नेट आलं का गूगलच्या खात्याशी जुळतीन, तिथून तुमच्या दोघींच्या फोनात. एकीनं नंबर बदलला का सगळीकडे बदलते."

पण पहिल्यांदा जुळवताना त्याने कॉम्प्युटरवरची जुनी नावे आधी चढवली, आणि नव्या नंबरांवर जुने नंबर येऊन बसले. रश्मीने फोन उघडून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"माझी चूक झाली," राजदीप म्हणाला. "मीच दुरुस्त करून देतो."

मग रोज दुपारी तो समोर येऊन बसू लागला. दोघे मिळून एकेकाला फोन करत, नंबर विचारत, भरत. एका फोनाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येऊ नये म्हणून ती खिडकीकडे तोंड करी. वळून पाही तेव्हा तो तिच्याकडेच पाहत असे, आणि घाईघाईने पडद्याकडे बघे.

"तुमचं नाव नाही याच्यात," एकदा ती म्हणाली.

"कायले पाहिजे माझं नाव?"

"रक्त देता का?"

"सुईचं भेव वाटते मले..." तो थांबला. "तुम्ही जवळ उभ्या राहान तं देतो."

तिने त्याचे नाव लिहून घेतले.

काम संपले तरी तो येत राहिला. उन्हाळा लागता लागता त्याने एकदा लग्नाचे विचारले. रश्मी म्हणाली, "आधी सिकलची तपासणी करून या."

तो रिपोर्ट घेऊन तिच्या घरी आला, तेव्हा आतल्या खोलीत गुलाबचे शिलाई मशीन चालू होते. राजदीपचा चेहरा पाहूनच तिला कळले. तोही वाहक निघाला होता.

"मंग नाही," ती म्हणाली. "दोघंही वाहक असले का लेकराले आजार होऊ शकते. मी दादाचं पाहून राहिली लहानपणापासून. अजून एक गुलाब जन्माले यावा असं मले नाही वाटत."

आतले मशीन थांबले. गुलाब भिंतीला हात लावत बाहेर आला.

"रश्मे, मी जन्मलो नसतो तं बरं झालं असतं का?"

"दादा, मी तसं नाही म्हटलं..."

"दुखते तवा मलेही तसंच वाटते," तो शांतपणे म्हणाला. "पण रोज नाही दुखत. तू माझे दुखाचेच दिवस पाहून राहिली. बाकीचे दिवस मी जगलो, ते कोणं पाहाचे?"

एवढे बोलून तो आत गेला. रश्मी खाली मान घालून रडली. राजदीप जागेवरून हलला नाही.

"लेकरू नाही झालं तरी मले तुम्ही पाहिजे," तो हळूच म्हणाला.

"आज म्हणता. उद्या तुमची आई बोलन तवा?"

"आईले सांगूनच आलो. रडली ती. मंग म्हणे, त्या पोरीचं मन विचारून ये."

आपले मन... ते तिला केव्हाच ठाऊक होते. त्याला वाट देणेच राहून गेले होते. तिने पदराने तोंड पुसले.

"लेकराचं मी आज हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. डॉक्टरकडे दोघंही जाऊ, सारं विचारून घेऊ. माझ्या मनातलं भेव जाईन का नाही, सांगता येत नाही. पण तुम्ही..." ती अडखळली. मग सरळ त्याच्याकडे पाहिले. "तू जाऊ नको."

राजदीपने रिपोर्ट घडी करून बाजूला ठेवला आणि तिच्याजवळ येऊन बसला. तिचा हात त्याच्या हातात होता, आणि तो तिने सोडवून घेतला नाही.