धवलारणीची लेक

किन्हवलीच्या एसटी थांब्यावर त्यानं नेमकं अक्षदालाच विचारलं, "काशीबाई धवलारीण कुठं राहतात?"

सावळा, कपाळाला घामानं चिकटलेले केस, हातात आमंत्रणाचा नारळ.

"आई गेली... गणपतीच्या आधी."

नारळ त्याच्या हातात तसाच राहिला. "मी प्रणित, मुरबाडचा. बहिणीचं, कुणालीचं लग्न हाय. आत्याचा हट्ट, भटजी नको, धवलारणीनं धवले गाऊनच लावायचं. मला तर वाटायचं, पूर्वी बायकांना लग्न लावूच देत नव्हते."

"पूर्वी म्हंजे कधी? आत्याचं कोणी लावलं, विचारलंत?"

"नाय..."

"विचारा. जुनी माणसं उलट बोलायला येत नाहीत, म्हणून त्यांच्या नावावर कायपण खपवायचं?"

तो हसला. तीही हसली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. आई गेल्यापासून घरात ती भांडंसुद्धा हळू ठेवायची.

"मग तुमी गाल?" त्यानं नारळ पुढं केला.

तिला सगळे धवले येत होते. आईनं ओळ सोडली की मागून ती उचलायची. पण आता पुढं उभं राहायचं... आणि आवाज फुटलाच नाही तर? तरी तिनं नारळ घेतला.

मुरबाडच्या मांडवात तिनं पहिली ओळ म्हटली. आई श्वास घ्यायची तिथं थांबली. मागून कोणीच ओळ उचलली नाही. तेवढ्यात खुर्चीतून आत्यानं घोगऱ्या आवाजात ओळ उचलली. मग एक मावशी, एक शेजारीण... अक्षदानं डोळे पुसले आणि पुढची ओळ घेतली. खांबाला टेकून प्रणित तिच्याकडं बघत होता... अक्षता टाकायचं विसरून.

संध्याकाळी तो तिला स्टँडवर सोडायला आला.

"आत्याचं लग्न तिच्या मावशीनं लावलंय. विचारलं मी."

"बरं केलंत."

"कुणालीचं झ्याक लावलंत. माझं पण लावाल?" त्यानं मस्करीत विचारलं, पण नजर चपलांवर होती.

किन्हवलीवरून जाणारी शहापूरची गाडी लागली. आत जाऊन ती खिडकीशी बसली. घरी पुन्हा कुलूपच वाट बघत असणार.

"नाय लावणार," ती म्हणाली.

"का वो?"

"धवलारणीला सगळ्यांची लग्नं लावता येतात... आपलं सोडून."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "मग... दुसरी धवलारीण बघाया पायजे."

गाडी हलली.

"लवकर बघ," ती म्हणाली. "फार नाय उरल्या."