रगडायचं न्हाई, टेकवायचं

टण्ण!

बादलीची कडी बादलीवर पडली, एवढंच. पण पाऊण तास थोपटून पिऊचा डोळा आत्ता कुठे लागला होता. भर दुपार, माय मळ्यात गेलेली, सगळं घर कसं निपचित… आणि टण्ण! पिऊनं डोळे उघडले, माझ्याकडं बघून गोड हसली आणि उठून बसली. संपली झोप.

मी तणतणत अंगणात आले. माझ्या वडलांच्या, अण्णांच्या काळ्या गाडीपाशी एक अनोळखी माणूस उभा होता. उंच, सावळा, बाह्या दुमडलेल्या. माझ्या बादलीतला माझा टॉवेल त्यानं दोन बोटांत धरून वर काढला होता, मेलेला उंदीर धरावा तसा.

"ताई… हे तुम्ही गाडीला लावता?"

"मंग काय भाकरीला लावू?"

"न्हाई, म्हणजे… काळा रंग हाय. जरा उन्हात बघा की. बारीक चऱ्यांचं जाळं झालंय नुसतं. कोळ्यानं विणल्यासारखं."

"तुम्ही कोण?"

हा प्रश्न त्याला फार अवघड गेला. टॉवेल खाली ठेवावा की हातात धरावा, हेच त्याला ठरवता येईना. "मी राजानंद. घनसावंगी रोडला वॉशिंग सेंटर टाकलंय नवीन. पुंजाराम अण्णांकडं आल्तो… मावसभावाचं लग्न हाय, नवरदेवाला गाडी पाहिजे."

आमची गाडी नवरदेवांचीच. तुळशीचं लग्न लागलं की कुंभार पिंपळगावच्या चहूकडं अण्णा नवरदेव घेऊन फिरतात. आणि आपल्याकडची रीत तर ठाऊकच आहे. मांडवात पाहुण्याला टॉवेल-टोपी, व्याह्याला टॉवेल-टोपी, आणि गाडी चालवणाऱ्यालाही टॉवेल-टोपी. एका हंगामात आमच्या पेटीत तीस-चाळीस टॉवेल जमतात. पातळ, कडक, काठाला चमचमती पट्टी. त्यानं कुणी अंग पुसत नाही. ते फक्त या मांडवातून त्या मांडवात फिरतात. मग मी गाडीला घेतले तर काय चुकलं?

"नवा कोरा टॉवेल हाय तो," मी म्हणाले. "आज घडी मोडली."

"नवा हाय म्हणूनच तर! खळ हाय त्याच्यात. अन् ही काठाची जर… पेंटवर फिरली की चरे पडतात, ताई." त्यानं बॉनेटवर असा हात ठेवला, जसा मी तापानं फणफणलेल्या पिऊच्या कपाळावर ठेवते. "दुखतं तिला."

दुखतं म्हणे. गाडीला! मी मनात म्हणाले, येडा आहे. आणि पोरीची झोप मोडली ती मोडलीच.

दुसऱ्या दिवशी येडा परत आला. दोन टॉवेल घेऊन. राखाडी, जाड, सशाच्या पाठीसारखे. काठाला शिवण नाही, कोपऱ्यात कंपनीची चिठ्ठी नाही.

"हात पुढं करा."

"कशाला?"

"करा तर."

मी केला. त्यानं टॉवेल माझ्या तळहातावर ठेवला आणि जरासा सरकवला. धुणीभांडी करून भेगाळलेला माझा हात… त्या भेगांना त्याचे बारीक तंतू अडकत होते. अंगावर काटा आला. कुणी तरी हळूच धरून ठेवावं तसं वाटलं.

"अडकतंय ना? धुळीलाबी असंच उचलून धरतं. पेंटवर घासू देत न्हाई." मग त्यानं तो ओल्या बॉनेटवर पसरला, दोन कोपरे स्वतः धरले आणि दोन माझ्याकडं दिले. "रगडायचं न्हाई. टेकवायचं… अन् हळू ओढून घ्यायचं. बस्स."

आम्ही ओढला. पाणी कुठं गेलं कळलंसुद्धा नाही. काळ्या पत्र्यात आमच्या कडुनिंबाचं पान न् पान उमटलं… आणि त्या पानांच्या मधोमध त्याचा चेहरा. माझ्याकडं बघणारा. मी मान वर केली तर तो टायर बघत होता.

मग सुरू झाला पाठ. पेंटचा वेगळा, काचेचा वेगळा, चाकाचा तर बिलकुल वेगळा. खाली पडला की चाकाकडं पाठवायचा, पुन्हा पेंटला नाही. सुती कपड्यांत धुवायचा नाही, त्यांची तुसं चिकटतात. पावडर नको, पातळ साबण घ्या. वासाचं लिक्विड तर नकोच, तंतू गुळगुळीत होतात आणि पाणी पीत नाहीत. गरम पाणी नको, इस्त्री नको, कडक ऊन नको…

"एवढं तर मी माझ्या पोरीचंबी करत न्हाई," मी म्हणाले.

"मंग करत जा की," तो म्हणाला. गंभीरपणे!

आता खरं सांगते, माझी काही चूक नव्हती. दोन दिवसांनी पिऊनं अंथरूण ओलं केलं, अण्णांचे कपडे होते, गोधडी होती. त्या रगाड्यात एक टॉवेल गेला. पावडर, वासाचं लिक्विड आणि पत्र्यावरचं ऊन, सगळं त्यानं एकाच दिवशी भोगलं. दुसरा मायच्या हाती लागला.

तो आला तेव्हा माय जेवायला बसली होती. त्यानं टोपल्यातल्या राखाडी घडीकडं पाहिलं.

"त्याच्यात… भाकरी हायेत?"

"लई ऊब धरतंय बाबा," माय खूश होऊन म्हणाली. "आणखी दोन असले तर आण."

राजानंद ओट्यावर बसला. "मी काय सांगितल्तं तुम्हाला?"

"तुम्ही इतकं सांगितलं, इतकं सांगितलं की त्यातलं काय ऐकावं तेच कळंना!"

तो हसला. मी चिडलेली असताना हसणारा माणूस मला आवडत नाही. पण त्याच्या गालाला एका बाजूलाच खळी पडत होती. एकाच बाजूला! हेही त्याचं अर्धवटच.

पुढं त्याच्या सेंटरचे टॉवेल माझ्याकडं धुवायला यायला लागले. उसाचा हंगाम, रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग, गाड्यांवर बोटभर धूळ. रोजचे तीस-पस्तीस टॉवेल. मी तीन बादल्या केल्या. निळे पेंटचे, पिवळे काचेचे, तपकिरी चाकांचे. सावलीत दोरी बांधली. एक दिवस मीच त्याला एक टॉवेल परत दिला.

"हा पेंटला नको. कोपऱ्यात खडा हाय बारीक."

त्यानं अंगठा फिरवला. खडा होता, मोहरीच्या अर्ध्याएवढा. तो माझ्या हाताकडं बघत राहिला. "तुमचा हात…"

"काय माझा हात?"

"…चांगलाय." त्यानं टॉवेल उलटा केला. "टॉवेल तपासायला."

देवा! कपाळ आपटून घ्यावं तर घरात दुखणं वाढायचं.

आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, हा मला ताई म्हणेनासा झालाय. कधीपासून कोण जाणे. नुसतं 'अहो' म्हणायचा… आणि थांबायचा. पुढं काय लावावं हे त्यालाच ठरत नसावं. पिऊचं मात्र सोपं होतं. गावातल्या सगळ्या बाप्यांना ती मामा म्हणते. त्यालाही म्हणाली, "मामा, मला गाडीवर बसव."

तो दचकलाच. "मामा नको म्हणू."

"काऊन?"

"असंच."

"मंग काय म्हणू?"

त्याचे कान लाल झाले. दोरीवरचे वाळलेले टॉवेल सोडून तो ओलेच काढायला लागला. मी पदर तोंडात कोंबून घरात पळाले. कितीतरी दिवसांनी मी अशी हसले होते. पिऊचे पप्पा गेले तेव्हा ती सात महिन्यांची होती. वर्षश्राद्ध झालं आणि सासरच्यांनी आम्हा दोघींना इथं आणून सोडलं, तेव्हापासून हसायचं ते मी पिऊपुरतंच हसत होते.

शेवटी पिऊनंच मार्ग काढला. ती त्याला सरळ 'राजानंद' म्हणायला लागली. तो 'जी' म्हणायचा.

पण बोलायचं म्हणून नाव नाही! पौष गेला, माघ गेला. तो रोज यायचा, टॉवेल मोजायचा, चहा प्यायचा, साबणावर बोलायचा. मी चिडून एकदा म्हणालेच, "तुम्हाला टॉवेल सोडून दुसरं काई येतं का हो बोलायला?"

"येतं," तो म्हणाला. "…पण ते पसरायला जागा पाहिजे."

असलं काहीतरी. आणि निघून गेला. मी रात्रभर त्याचा अर्थ लावत बसले.

अर्थ रविवारी घरी आला. त्याच्या आईसोबत. झुंबरबाईंनी ठसठशीत कुंकू लावलं होतं, पोहे मन लावून खाल्ले, माझ्याकडं दोनदा नीट पाहिलं. मी आवडले असावे. मग पदरानं तोंड पुसून अण्णांना म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय आम्हाला. लेकरू मात्र आजीपाशीच बरं. तिला सवय हाय. आपल्यात असंच करतेत, तुम्हाला काय सांगायचं."

अण्णा खाली बघत टोपी चाचपत राहिले, माय बशा गोळा करायला लागली. पिऊ माझ्या मांडीवर शेंगदाणे वेचत होती.

मी राजानंदकडं पाहिलं. आता बोल. आता तरी बोल! तो दारातून बाहेर, गाडीकडं बघत होता. ओठ हलले… आणि मिटले.

मी उठले. "चहा घ्या अन् निघा. मी पिऊला सोडून कुठंबी जाणार न्हाई."

तो गेला. खरंच गेला. मागं वळून पाहिलं, पण पाहून काय करायचं होतं मला? गाडीला दुखतं हे ज्याला कळतं, त्याला माझ्या पोरीचं कळू नये?

नऊ दिवस मी त्याचे टॉवेल अण्णांच्या हाती पाठवले. धुतले मात्र व्यवस्थित. पातळ साबण, गार पाणी, सावली. रागानं आपटावेत असं फार वाटायचं, पण हात ऐकायचा नाही. पिऊ रोज विचारायची, राजानंद कुठंय? मी म्हणायची, कामात आहे.

दहाव्या दिवशी सकाळी नऊला नवरदेव न्यायचा होता. अण्णा फुलं आणायला गेले होते. मी गाडी धुऊन घेतली, टॉवेल आणायला वळले, तोच मोटारसायकल थांबली.

तो आला, बॉनेटपाशी उभा राहिला. दाढी वाढलेली. खिशातून दस्ती काढली… घाम पुसायची, चुरगळलेली दस्ती… आणि ओल्या काळ्या पेंटवर गरागरा फिरवायला लागला. गोल, गोल, जोरात!

"अहो! काय करून राह्यलात?"

त्यानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "…रगडलं का मी?"

"रगडलं!"

"चरे पडले?"

"पडले असतेल."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि दोन्हींचा संताप येत होता. हा माणूस, जो आहेराचा टॉवेल बघून कळवळला होता… त्याला आज हातात काय आहे याचंसुद्धा भान नव्हतं.

"त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं मी," तो म्हणाला.

"पाहिजे होतं."

"माय बोलायली की माझं तोंडच उघडत न्हाई. लहानपणापासून. पण घरी गेल्यावर बोललो. नऊ दिवस झाले, रोज बोलून राह्यलो. जन्मात इतकं बोललो न्हाई." त्याचा आवाज खरंच घोगरा झाला होता. "घसा बसला, बघा."

"अन् त्या काय म्हणल्या?"

"काईच न्हाई. ताट वाढती, बोलत न्हाई." तो दस्तीची घडी करत राहिला. "पण काल तिनं वरची खोली झाडून काढली. गादी टाकली. मंग पेटीतून एक बारकी गोधडी काढली… माझी, लहानपणीची. उलटीपालटी करून बघितली. अन् परत ठेवून दिली."

"परत ठेवली?"

"ठेवली. पण खाली न्हाई… सगळ्यात वर. हाताशी."

कडुनिंबाची दोन पिवळी पानं बॉनेटवर पडली. त्यानं ती फुंकरीनं उडवली. हात लावला नाही.

"मला दोघी पाहिजेत," तो म्हणाला. एका दमात, जमिनीकडं बघत. "पिऊ नसली तर माझ्यासंगं बोलणार कोण? तुम्ही तर नुसत्या वरडता."

"मी वरडते?"

"आत्ताच वरडल्या."

"अन् त्यांनी न्हाईच घेतलं घरात तर?"

"तर सेंटरच्या मागं दोन खोल्या हायेत. पत्र्याच्या. उन्हाळ्यात तापतेल. पण तिथं कुणाला विचारायचं कारण न्हाई." मग त्यानं वर पाहिलं. पहिल्यांदा टायर नाही, आरसा नाही, मलाच. आणि 'अहो'च्या पुढचा, इतके महिने अडकलेला शब्द शेवटी सुटला. "दैवशाला… येता का?"

किती वेळ लावावा माणसानं! मला वाटलं भांडावं, आणखी दहा दिवस ताटकळत ठेवावं, नऊ दिवसांचा सगळा हिशेब ओरडून मागावा. पण मी टॉवेल उलगडला, ओल्या टपावर पसरला आणि दोन कोपरे त्याच्याकडं सरकवले.

"येते," मी म्हणाले. "पण ती दस्ती आधी खिशात घाला."

त्याच्या एका गालाला खळी पडली. आम्ही टॉवेल ओढला. हळू. त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि त्यानं तो मागं घेतला नाही.

उंबऱ्यावर पिऊ उभी होती. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस, फ्रॉकचं बटण उघडं. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ब्रश बाहेर काढला.

"मम्मी, राजानंदच्या घरी आपण पाहुणे राहणार का घरचे?"