लक्ष्मीचा जबाब

सिद्धांतनं उचललेला पाट गौरीच्या नैवेद्याचा होता. त्याचा पहिला घाव लक्ष्मीनं हातावर झेलला, मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला, आणि दुसरा घाव कपाळावर बसला. तिच्यासमोर उभ्या असलेल्या सुनेच्या, प्राचीच्या हातातलं सूप निसटलं, त्यातली पानं, फळं, तांदूळ लादीभर झाले, आणि त्यांच्यावर लक्ष्मीच्या कपाळातलं रक्त ठिबकू लागलं. लालबागच्या त्या दोन खोल्या प्राचीच्या माहेरच्या माणसांनी भरल्या होत्या... पण एकानंही पुढे होऊन तिच्या पोटच्या मुलाचा, सिद्धांतचा हात धरला नाही! आई भिंतीला टेकत खाली बसली, तेव्हा कुठे पाट त्याच्या हातून सुटला.

आणि कारण काय? तर तिनं वाण घेतलं नाही.

प्राचीचा तो पहिला ओवसा. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नव्या सुनेनं सूप ओवाळायचं आणि त्यातलं वाण सासरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायचं, ही कोकणातून या चाळीत आलेली रीत. लक्ष्मीनं ईस्टरला बाप्तिस्मा घेतला होता. देवाला दाखवलेलं ती आता घेत नसे, पण पहाटेपासून घावन-घाटलं तिच्याच हातचं रांधलं गेलं होतं, आणि ओवसा होईपर्यंत तिनं आतल्या खोलीत बसायचं, असं मायलेकांचं ठरलंही होतं. पण प्राची भाबडी पोर! पहिलं वाण सासूलाच द्यायचं म्हणून ती सूप घेऊन थेट आत आली, तिच्यामागून सगळं माहेर दारात गोळा झालं, आणि लक्ष्मीनं हात जोडून सांगितलं की बाळा, हे मला घेता येत नाही, माझा आशीर्वाद मात्र तुला भरभरून आहे. सासूनं पहिलं वाण नाकारलं, म्हणजे सुनेच्या संसाराला नाट लागला... प्राचीची आत्या हे मोठ्यानं बोलली, आणि सिद्धांतचं डोकं फिरलं.

परळच्या सरकारी इस्पितळात कपाळाला टाके घातले गेले, हात प्लास्टरात गेला. मारहाणीचा संशय आला म्हणून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं होतं. जबाब घ्यायला एक बाई हवालदार आली, पण लक्ष्मीला भोवळ येत होती, म्हणून थोडं थांबते म्हणाली आणि दाराशी स्टुलावर बसून राहिली. सिद्धांत बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला नुकतीच सरकारी नोकरी लागली होती. आईच्या तोंडून नाव निघालं की गुन्हा दाखल, आणि गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली, हे त्या वॉर्डातल्या प्रत्येकाला कळत होतं.

नवरा, जयवंत, खाटेजवळ वाकला. म्हातारपणानं आता निवळलेला माणूस... एके काळी मात्र त्याच्या पावलांची चाहूल लागली की लक्ष्मी मुलाला खाटेखाली सरकवायची.

"पडलंय म्हणून सांग गो," तो कुजबुजला. "नेहमी सांगायचीस तसं."

नेहमी! त्या एका शब्दानं लक्ष्मीच्या काळजाला घरं पडली. न्हाणीत पाय घसरला, जिन्यावरून पडले, कपाटाचं दार लागलं... शेजारणींना, डॉक्टरांना, स्वतःच्या आईला तिनं हेच सांगितलं होतं, आणि खाटेखालचं लेकरू ते दर खेपेला ऐकत होतं. या माणसाचा राग उतरावा म्हणून तिनं काय काय केलं नव्हतं! उपास केले, अंगारे लावले, टीव्हीवरच्या बाबांना फोन लावले, एकानं सांगितलं म्हणून दरवाजा रंगवला, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून तोच पुन्हा खरवडला. प्रत्येकाचा मार्ग वेगळा आणि छातीठोक, आणि मधे ही गोंधळून उभी. मग पोळीभाजी केंद्रातली तिची मैत्रीण प्रिती तिला भायखळ्याच्या एका लहानशा मराठी प्रार्थनालयात घेऊन गेली. तिथल्या पाळकांनी तिला कसलाच उपाय सांगितला नाही. देवापुढे येताना तेवढं खोटं बाहेर ठेवून या, बाकी जे असेल ते घेऊन या, इतकंच ते म्हणाले, आणि ही बाई तिथल्या बाकावर बसून पोटभर रडली होती.

पण आता खाटेशी बसलेली प्रितीच डोळे पुसत म्हणत होती, की ताई, प्रभूनं क्षमा करायला सांगितलंय, मग पोराचं नाव घेऊन कसं चालेल? लक्ष्मीला काही सुचेना. एका बाजूला सत्य, दुसऱ्या बाजूला क्षमा, दोन्ही त्याचीच आज्ञा... आणि मधे तिचं एकुलतं एक लेकरू! देवा, मला एवढं तरी स्पष्ट दाखव, असं ती मनातल्या मनात आक्रंदत राहिली. तेव्हा तिला प्रार्थनेत ऐकलेला तो प्रसंग आठवला. प्रभूला धरून नेलं होतं, भर सभेत एका शिपायानं त्याच्या तोंडात मारली होती. तो काही मला लागलं नाही म्हणाला नव्हता. मला का मारतोस, असं त्यानं सरळ विचारलं होतं. आणि पुढे त्यानंच मारणाऱ्यांसाठी क्षमाही मागितली होती! म्हणजे घाव लपवणं ही क्षमा नव्हेच. आयुष्यभर आपण ज्याला क्षमा म्हणत आलो, ती नुसती भीती होती.

तिनं हवालदारबाईला जवळ बोलावलं आणि सिद्धांतलाही आत बोलवा म्हणाली.

तो आला. आईच्या डोक्याचं बँडेज बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सिद्धू, मला का मारलंस?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी तुला क्षमा केलीय, रे. देवाशपथ केलीय. पण पडले असं मी सांगणार नाही." आणि तिनं हवालदारबाईकडे वळून, एकेक शब्द नीट उच्चारत, सांगितलं, "माझ्या मुलानं मारलं. सिद्धांत जयवंत घाडी."

प्रितीनं तोंडावर पदर धरला. सिद्धांत खाली बसला, आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला, आणि लक्ष्मीचा धडका हात त्याच्या केसांवर गेला. तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली प्राची पुढे आली. तिनं हळूच ब्लाउजची बाही वर सरकवली. दंडावर जुने, पिवळट पडलेले वळ होते.

"मी पण पडले म्हणून सांगितलं होतं, आई," ती म्हणाली. "माझ्या घरी."

लक्ष्मीनं डोळे मिटून घेतले. हे लेकरू तिच्याच जागेवर उभं होतं... तेच वय, तेच घर, तेच खोटं! तिनं प्राचीला स्वतःजवळ ओढून घेतलं आणि तिच्या ओठांतून काही शब्द निघाले, ते प्रार्थनेचे होते की नुसत्या हुंदक्यांचे, ते कुणालाच कळलं नाही. सिद्धांतनं मान वर केली आणि हवालदारबाईला म्हणाला, की आई खरं सांगतेय, प्राचीचं पण लिहून घ्या, मी येतो तुमच्याबरोबर. हवालदारबाईनं मान डोलावली आणि पेन उघडलं.

"थांबा, मॅडम."

जयवंत इतका वेळ खिडकीशी पाठमोरा उभा होता. तो भिंतीला धरत धरत खाटेपाशी आला. बायकोच्या बँडेजकडे, सुनेच्या दंडाकडे, जमिनीवर बसलेल्या मुलाकडे त्यानं एकदा पाहिलं.

"ह्याच्या अगोदर माझं नाव लिहा," तो म्हणाला. "ह्यानं घरात बघितलं तेच केलं."

"तुम्ही कोण?"

"जयवंत घाडी. हिचा नवरा."