रंभेचा माणसाळांक

कुत्रा कोण आणि लांडगा कोण, हे त्या काळी डोळ्यांनी ठरत नसे, थुंकीने ठरे. माळरानावर दोघांनी इतक्या पिढ्या एकमेकांत सोयरिकी केल्या होत्या की तोंडावरून ओळख पटेना. कायदा मात्र साधा होता: कुत्र्याला रेबीजची लस, लांडग्याला वनखात्याचं कुंपण. अधल्यामधल्यांवरून दोन खाती कित्येक वर्षं भांडली.

शेवटी शास्त्रज्ञांनी तोड काढली. माणसांत राहणाऱ्या प्राण्यात काही जनुकं जागी असतात. ती राग आवरतात, भीती घालवतात, परक्याला सहन करायला लावतात. त्यातली किती जागी आहेत, हे लाळेच्या थेंबात मोजता येतं. शंभरांत जो आकडा येईल, तो त्या जिवाचा माणसाळांक. पन्नासच्या वर पाळीव, खाली वन्य.

धुळाआबा कोकऱ्यांच्या रंभेला एक्केचाळीस मिळाले.

"एक्केचाळीस?" लसीकरणाच्या मांडवात आबा कडाडले. "ताई, ही कोंबडीची पिल्लं पाठीवर झोपवती!"

"मशीन सांगतंय, आबा." पशुवैद्य डॉ. शर्वरी नगरकर अवघडून म्हणाल्या. "वन्य प्राण्याला ही लस द्यायची नाही. वनखात्याची गाडी निघालीय."

माळावर पिसाळलेला कोल्हा फिरत होता. लशीवाचून रंभेला मेंढ्यांच्या कळपापुढे बसवणं धोक्याचं, आणि रंभेवाचून कळप म्हणजे कोल्ह्याला जेवणाचं आमंत्रण. शिवाय रंभा गेली तर आबांचं ऐकून घेणारं घरात कुणीच उरत नव्हतं.

"सकाळी काय खाल्लंय हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरी. पयला घास मीच चावून देतो. डोळं उघडायच्या आधीपासनं सवय हाय तिला. त्याबिगर तोंड लावत न्हाई."

"मला न्हाई कधी दिला चावून," आबांच्या बायको ठकूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांच्या हातातली कापसाची काडी तिथेच थांबली. त्यांनी रंभेचं तोंड खळाखळा धुतलं आणि पुन्हा नमुना घेतला. चौऱ्याऐंशी! मांडवात टाळ्या पडल्या, रंभेला लस टोचली गेली, गळ्यात पितळी बिल्ला आला.

"मग ते एक्केचाळीस कुणाचं?" ठकूबाईंनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

"माणसानं सगळ्यात आधी स्वतःलाच माणसाळवलं, आबा," डॉक्टर घसा खाकरत म्हणाल्या. "कुत्र्याला नंतर. पण कुत्र्यावर लक्ष ठेवायला माणूस होता. माणसावर कोण ठेवणार? जनुकं झोपली परत."

"झोपू द्या की. माझं काय बिघडतंय?"

"आकडा सरकारकडे गेलाय, तो कुणाच्या तरी नावावर लावावाच लागणार. आणि कायद्यात 'जीव' लिहिलंय. माणूस सोडून, असं लिहायचं कुणाला सुचलं नाही."

तेवढ्यात गाडी आली. वनरक्षक जाळं घेऊन उतरला, कागदावरचा आकडा वाचला, आबांकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "काका, आपण होऊन बसता, का फेकू?"

डॉक्टरांनी घाईघाईने नियम काढला: पाळीव जीव हमी देत असेल, तर वन्य जीव घरी राहू शकतो. ठकूबाई तावातावाने पुढे झाल्या, थुंकल्या. अडतीस. वनरक्षकाने दुसरं जाळं काढलं.

"आणखी कुणी हमीदार?" डॉक्टरांनी मांडवाला विचारलं. मघाशी टाळ्या वाजवणारे सगळे तोंड घट्ट मिटून मागे सरकले. सरपंचांनी तर उपरणंच तोंडाला बांधलं.

मग रंभेचा पंजा शाईत बुडवला गेला. आबा आणि ठकूबाई, दोन्ही कोकऱ्यांची हमी तिने घेतली, शेपटी हलवत. अट एकच होती: हमीदाराच्या नजरेआड जायचं नाही. वनरक्षकाने आबांच्या मनगटाला पट्टा बांधला आणि दुसरं टोक रंभेच्या तोंडात दिलं. तिने ते हळुवार धरलं.

मांडव रिकामा झाल्यावर डॉक्टरांनी मशीनची सरकारकडे जाणारी तार काढली, पाठ वळवली आणि एक काडी स्वतःच्या जिभेवरून फिरवली. आकडा पाहताच त्यांनी तो घाईने पुसून टाकला. मग येऊन रंभेसमोर उकिडव्या बसल्या.

"आबा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "हिला पिल्लं झाली, तर एक मला द्याल?"

आबांनी रंभेकडे पाहिलं. तिने पट्ट्याला किंचित हिसका दिला, तसे ते उठले.

"तिला विचारून सांगतो," ते म्हणाले.